"यंदा नाही तर कधीच नाही" म्हणत माझ्याकडून 1 लाख 65 हजार घेतले

एमबीए करून कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामात, जायचंय, पण अर्ज आत्ता करू की थांबू, या विचारात असलेल्यांसाठी लिहितेय. मी नेमकी याच प्रश्नावर फसले.

सप्टेंबर 2023. पुण्यात आयटीतल्या पहिल्या नोकरीला 14 महिने झाले होते. ऑगस्टमध्ये जीमॅटला, म्हणजे परदेशातल्या एमबीएसाठी चालणाऱ्या प्रवेश परीक्षेला, 710 आले होते. मनात होतं, आणखी दोन-तीन वर्षं काम करावं. खात्री करून घ्यायला एका अ‍ॅडमिशन कन्सल्टंटकडे गेले. भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो, समोर चहा. तो म्हणाला, "मॅडम, हा स्कोअर पुढच्या वर्षी रद्दी होतो. यंदा नाही तर कधीच नाही. आणि कन्सल्टिंगवाल्यांना फ्रेशरच हवे असतात."

दोन्ही वाक्यं अर्धी खरी होती, म्हणूनच पटली. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, कॅटचा, स्कोअर खरंच त्या फेरीच्या प्रवेशापुरताच चालतो, पण जीमॅटचा 5 वर्षं चालतो. आयआयएमच्या दोन वर्षांच्या एमबीएला (पीजीपी) फ्रेशर घेतात आणि कन्सल्टिंग कंपन्या तिथून मुलं उचलतात, हेही खरं. पण त्याने मला अर्ज करायला लावले परदेशात, हार्वर्ड आणि फ्रान्समधल्या इन्सिअ‍ॅडच्या धर्तीच्या कोर्सना. तिथे वर्गाचा सरासरी अनुभव 5 वर्षांच्या आसपास असतो. आपल्याकडे आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला, म्हणजे नोकरी केलेल्यांसाठीच्या एमबीएलासुद्धा, किमान 4 वर्षांचा अनुभव लागतो. एका कोर्सचा नियम उचलून दुसऱ्याला चिकटवायचा, हीच त्याची सगळी हातचलाखी.

बाबांनी एफडी मोडली. आधी 90 हजार, मग 75 हजार. पाच कॉलेजांच्या अर्जांचं शुल्क वेगळं, एकेकाचं 200 ते 250 डॉलर. "सगळं आम्ही बघतो" म्हणून त्यांनी माझे पासवर्डही घेतले. ते मी द्यायलाच नको होते.

गणपतीत एका रात्री अकराच्या सुमाराला सहज एका अर्जाचं पोर्टल उघडलं. माझ्या मॅनेजर सरांचं शिफारसपत्र "मिळाले" दिसत होतं. सर तर चार दिवस कोकणात घरच्या गणपतीला गेले होते, फोनसुद्धा लागत नव्हता. नीट पाहिलं तर ईमेल त्यांच्या नावाचा होता, पण आडनावात एक अक्षर जास्त. हातपाय गार पडले. अर्जासोबतचा निबंध उघडला. मी टेस्टिंग करणारी मुलगी, आणि त्यात मी सहा जणांच्या टीमचं नेतृत्व केलेलं! पुढच्या परिच्छेदात "आमच्या रुग्णालयांच्या साखळीत" असं होतं. कुणा दुसऱ्याचा निबंध माझ्या नावावर चिकटवला होता.

सर परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. रडू आवरत नव्हतं. ते रागावले, पण माझ्यावर नाही. तोवर तीन अर्ज गेले होते. त्या तिन्ही ठिकाणी मी स्वतः खरं लिहून कळवलं आणि अर्ज मागे घेतले. उरलेले दोन भरलेच नाहीत. पैसे परत मागितले, तर करारातलं चौथं पान दाखवलं: काम सुरू झाल्यावर परतावा नाही. सही करताना ते पान मी वाचलंच नव्हतं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. दाद लागली नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. माझी केस चालू आहे.

कुणी घाई करायला लागलं तर आधी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर मागच्या बॅचचा सरासरी अनुभव किती, ते स्वतः बघा. आणि निबंधात लिहायला अथपासून इतिपर्यंत स्वतः पेललेलं एखादं काम आपल्याकडे आहे का, ते आठवून पाहा. माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता एका क्लायंटचं अख्खं काम माझ्याकडे आहे. पुढचं शिफारसपत्र सर स्वतः लिहिणार आहेत, आणि माझा स्कोअर ऑगस्ट 2028 पर्यंत चालतो.