सेन्सरच्या इनपुटला नाव कसं द्यावं: लॅडरमधल्या तीन पद्धती

नवीन मशीनच्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीच्या भाषेत, लिहायला बसलात की इनपुटना, म्हणजे सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलना, नावं काय द्यायची हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात पॅनलची कामं करताना मी तीन पद्धती पाहिल्या आणि तिन्ही वापरल्या.

आधी गोंधळाचं मूळ. ड्रॉइंगवरचं 'एनओ' (नॉर्मली ओपन, एरवी उघडा) किंवा 'एनसी' (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) म्हणजे सेन्सर खोक्यात पडून असताना त्याच्या काँटॅक्टची स्थिती. मशीन चालू असतानाची नव्हे. ल्युब्रिकेशन लाइनवरचा प्रेशर स्विच ड्रॉइंगमध्ये एनओ असतो, कारण खोक्यात दाब नसतो; मशीनवर मात्र तो दिवसभर बंद, म्हणजे जोडलेला असतो. लॅडरमधल्या --| |-- आणि --|/|-- यांचा काँटॅक्टच्या जातीशी संबंधच नाही. इनपुटला सिग्नल आला की पीएलसीतला त्याचा बिट १, नसला की ०. पहिलं चिन्ह विचारतं 'बिट १ आहे का?', दुसरं विचारतं 'बिट ० आहे का?' ड्रॉइंगवर एनसी दिसलं म्हणून लॅडरमध्ये तिरपी रेघ मारायची, इथेच घात होतो.

पहिली पद्धत: नंबरचंच नाव. 'एलएस७' (लिमिट स्विच ७), 'एफएस१' (फ्लोट स्विच १) असं. वायरचं फेरूल (टोकावरची नंबराची पट्टी), ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम तिन्हीकडे एकच नंबर, त्यामुळे वायरमनला वायर मिनिटात सापडते. पण एलएस७ एक झाला म्हणजे काय झालं? ते फक्त ड्रॉइंग सांगतं, आणि मशीन अथणीच्या बाजूला एखाद्या साखर कारखान्यात बसलं की ड्रॉइंग इथे आमच्या कपाटात.

एका प्रेसच्या पॉवर पॅकवर (तेलाची टाकी आणि पंप असलेल्या युनिटवर) हे मी भोगलंय. टाकीतला फ्लोट स्विच तेल पुरेसं असताना बंद राहायचा, म्हणजे बिट १. पंपाच्या ओळीत साधा --| |-- हवा होता. ड्रॉइंगवर चुकीने लिहिलेलं एनसी वाचून मी --|/|-- टाकला. टाकी भरलेली असूनही पंप सुरू होईना. रात्रपाळीतल्या मेंटेनन्सवाल्याने सर्क्लिप (फ्लोट अडवणारी कडी) काढून फ्लोट उलटा बसवला, पंप चालला, सगळे खूश. पुढे काही महिन्यांनी त्या फ्लोटची वायर तुटली. बिट आधीही ० होता, तुटल्यावरही ०. त्यात तेल कमी झालं तेव्हा थांबवायला कुणीच नव्हतं. पंपाने हवा ओढली आणि तो गेला. मूळ जोडणी ठेवून साधा --| |-- टाकला असता तर वायर तुटताक्षणी पंप थांबला असता. फ्लोट फिरवणाऱ्याची चूक मी मानत नाही. 'एफएस१' या नावाने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

दुसरी पद्धत: बिट १ असताना जे खरं, तेच नाव. 'तेल_पुरेसं', 'दरवाजा_बंद', 'जॉब_क्लॅम्प_झाला'. ओळ वाचली की अर्थ कळतो: तेल पुरेसं असेल, दरवाजा बंद असेल, तर पंप चालेल. मात्र 'तेल_लेव्हल', 'दरवाजा_सेन्सर' ही नावं या पद्धतीतली नव्हेत. नावाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता आलं पाहिजे. एक अडचण राहते: कुणी एनओ प्रॉक्सीच्या (धातू जवळ आल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरच्या) जागी स्टोअरमधली एनसी लावली, तर नाव खोटं पडतं. म्हणून कॉमेंटमध्ये सेन्सरचा नंबर आणि काँटॅक्टची जात लिहाच.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न भाषेचा. एकाच पाळीत मराठी आणि कन्नड बोलणारी माणसं असतात. तेव्हा मी नाव 'ऑइल_ओके', 'डोअर_क्लोज्ड' असं ठेवतो, ते दोघांनाही समजतं. मराठी किंवा कन्नड वाक्य कॉमेंटमध्ये, तेही सॉफ्टवेअरमध्ये लिपी नीट दिसते का हे पाहून.

तिसरी पद्धत: मॅपिंग. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला प्रत्येक इनपुट आतल्या एका बिटवर उतरवायचा, गरज असेल तिथे उलटा करून. पुढच्या प्रोग्रॅमने प्रत्यक्ष इनपुटला हातच लावायचा नाही. सेन्सरची जात बदलली तर एकच ओळ बदलायची, हा फार मोठा फायदा. तोटा असा, की फॉल्ट शोधताना एक पायरी जास्त लागते, आणि कुणी मध्येच थेट इनपुट वापरला की प्रोग्रॅममध्ये दोन सत्यं होतात. शिवाय उलटवल्याने वायरिंग सुरक्षित होत नाही: तुटलेल्या वायरचा ० उलटून १ होतो आणि 'सगळं ठीक' म्हणतो.

१५–२० इनपुटचं एकच मशीन असेल तर माझं मत दुसऱ्या पद्धतीला. तेच मशीन वेगवेगळ्या ग्राहकांना, कधी एनओ तर कधी एनसी सेन्सर लावून देत असाल, तर मॅपिंग करा आणि आतल्या बिटना नावं दुसऱ्या पद्धतीची द्या. नुसता नंबर नकोच. इमर्जन्सी स्टॉप या चर्चेत धरू नका. त्याचा काँटॅक्ट एनसी, मशीनची वीज तोडणं सेफ्टी रिलेतून (सुरक्षेसाठीच्या वेगळ्या रिलेतून), आणि लॅडरला फक्त खबर.

जुनं मशीन हाती आलं असेल तर ड्रॉइंगवर विसंबू नका. सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरा, फ्लोट हाताने उचला, इनपुट कार्डाचा दिवा पाहा. दिवा लागला म्हणजे १. त्या क्षणी मशीनवर जे खरं आहे, तेच नाव लिहा.