केबलची रेस की इलेक्ट्रॉनिक? यवतमाळच्या रस्त्यांवर दोन्ही वापरल्यानंतर

तुलनेतली पहिली गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक: १०६ पीएस, मॅन्युअल गिअर, केबलचा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप, जी रेस देताना उघडते). दुसरी पोलो जीटी टीएसआय: १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स), इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे पेडलचा इशारा वाचून संगणक मोटरने झडप हलवतो. ताकद जवळपास सारखी, म्हणून जोडी बरी जमते. उन्हाळा, पावसाळा आणि कापूस वेचणीचा हंगाम, तिन्हींत दोन्ही गाड्या दारव्हा-दिग्रस-पुसद पट्ट्यात आणि अधूनमधून चिखलदऱ्याच्या घाटात चालल्या आहेत.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल उशिरा उघडतो, अशी सर्रास तक्रार असते. थ्रॉटलची झडप बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग घेते, तेवढं पायाला कळतही नाही. उशीर होतो तो दुसरीकडे. उभ्या गाडीवरून निघताना डीएसजीचा क्लच जुळायला वेळ लागतो, टर्बो फिरायला वेळ लागतो, आणि सुरुवातीचं पेडल कंपनीने मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाचे आकडे दाखवणारं यंत्र) पेडलची टक्केवारी आणि थ्रॉटलची टक्केवारी शेजारी लावून पाहा. पेडल दाबलं की झडप लगेच हलते पण बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मागाहून चढतो, असं दिसलं तर थ्रॉटलला दोष देऊ नका. पेडल-बॉक्स नावाचं जे यंत्र विकतात ते फक्त पेडलचा व्होल्टेज आधीच वाढवून पाठवतं. पूर्ण पेडल दाबल्यावर गाडी होती तेवढीच पळते. त्या पैशात चांगले टायर घ्या.

घाटात मात्र केबलची मजा खरी आहे. वळण संपताना पाय जितका हलेल तितकीच झडप हलते, मध्ये कोणी हिशेब करत नाही. गिअर उतरवताना ब्रेकवर पाय ठेवून टाचेने रेस देणं सिटीत सहज जमतं. पोलोत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सोबत दाबले की संगणक इंजिनची ओढ कापतो. डाव्या पायाने ब्रेक मारायची सवय असेल तर वळणातून बाहेर पडताना गाडी मेल्यासारखी वाटेल. तो बिघाड नाही.

पण पावसाळ्यात, ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळी माती आणून टाकलेली असते तेव्हा, पोलो जास्त भरवशाची. चाक घसरलं की ईएसपी (इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण) झडप स्वतःच ओढून घेतं. केबलच्या गाडीत पायाने दिलेली रेस संगणकाला अशी मागे घेता येत नाही. होंडाने एस२००० या स्पोर्ट्स गाडीला २००६ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला तो स्थैर्य नियंत्रणासोबतच.

आता देखभाल. आपल्याकडे गाडी कुठे बंद पडते आणि तिथे कोणता मिस्त्री मिळतो, यावरच सगळं ठरतं.

केबल बिघडण्याआधी सांगते. पेडल जड होतं, दाबताना कचकच लागते, सोडल्यावर रेस सावकाश उतरते. धूळ आवरणात शिरते आणि आतली तार बहुधा टोकापाशी, पेडलकडे किंवा ड्रमकडे (झडपेवरची, केबल गुंडाळते ती चकती), एकेक धागा सोडते. एक धागा जरी सुटलेला दिसला तरी केबल बदला. सुटलेला धागा आवरणात अडकला तर रेस उघडीच राहते. नायलॉनच्या अस्तराच्या केबलला ग्रीस लावू नका, धूळ धरून ती घट्ट होते. ताण तपासताना इंजिन फॅन सुरू होईपर्यंत गरम करा. सिटीत ड्रमजवळ केबल बोटाने दाबल्यावर १० ते १२ मिमी हलली पाहिजे. मग इंजिन बंद करून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने झडप पूर्ण उघडते का ते पाहायचं. पायाखालच्या जाड मॅटमुळे ती पूर्ण उघडत नाही आणि पिकअप गेला म्हणून इंजिन खोललं जातं. आयडलिंग वरखाली होत असेल तर आयडल व्हॉल्व्ह साफ करा, झडपेचा स्टॉप स्क्रू पिळू नका.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बहुतेक वेळा सूचना न देता रुसतो, पण रुसतो तो सुरक्षित बाजूने. पेडलमध्ये दोन सेन्सर आहेत, झडपेवर दोन. पेडलच्या एका सेन्सरचा व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मा असतो. हा मेळ बिघडला की स्कॅनरवर पी २१३८ हा कोड येतो, झडपेवरचा बिघडला की पी २१३५. ईपीसीचा, म्हणजे इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा, दिवा लागतो. झडपेचा करंट तुटला तर स्प्रिंग तिला किंचित उघडी ठेवते आणि गाडी हळूहळू गावापर्यंत येते.

असा दिवा लागला की शहरात थेट थ्रॉटल बॉडी बदलायचा सल्ला मिळतो. त्याआधी बॅटरी मोजा: इंजिन बंद ठेवून रात्रभरानंतर १२.४ व्होल्टच्या वर, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नको. मग कपलर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का बघा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग वायरिंग. गाडीच्या शेडला लागून पऱ्हाट्यांचा ढीग असेल तर उंदीर बॉनेटमध्ये येणारच. सेन्सरची ५ व्होल्टची वायर कुरतडून दुसरीला टेकली की भलत्याच सेन्सरचे कोड येतात आणि मिस्त्री फसतो. ढीग लांब हलवा, वायरिंगवर जाळीदार नळी चढवा.

कार्बन काढताना क्लीनर फडक्यावर मारा, बॉडीत नाही. तो शाफ्टमधून आत जातो. झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफसफाईनंतर अडॅप्टेशन, म्हणजे संगणकाला झडपेची जागा पुन्हा शिकवणं, हवंच: इग्निशन चालू, इंजिन बंद, पेडलला हात नाही, स्कॅनरवर बेसिक सेटिंग. झडपेचा टिकटिक आवाज थांबेपर्यंत चावी फिरवू नका. हे केलं नाही तर आयडलिंग चढं राहतं. सायलेन्सरची पट्टी वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर संगणकाला धोका.

एअर फिल्टर दोन्हीत कागदाचाच ठेवा आणि कच्च्या रस्त्यावर कंपनीने दिलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदला. तेल लावलेल्या फिल्टरचं जादा तेल झडपेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते.

जुनी गाडी घेताना केबलवाली असेल तर इंजिन बंद ठेवून झडप हाताने उघडून सोडा, ती टक्कन बंद झाली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक असेल तर स्कॅनर लावून पेडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबा. मध्येच आकडा उडाला तर पेडलचा सेन्सर झिजलाय, भाव करताना तो खर्च वजा करा. गाव शहरापासून लांब असेल आणि जवळ स्कॅनरवाला मिस्त्री नसेल तर केबलची गाडी घ्या आणि एक नवी केबल डिकीत ठेवा.