रिसीव्हरला हब जोडताना: इन्फ्रारेड की नेटवर्क?
मामेभाऊ अडलाय: युनिव्हर्सल रिमोटचा हब (सगळ्या उपकरणांना आज्ञा पाठवणारी पेटी) होम थिएटरच्या रिसीव्हरला (इनपुट निवडून स्पीकरना आवाज देणारं यंत्र) इन्फ्रारेडने जोडू की घरच्या नेटवर्कवरून?

इन्फ्रारेड स्वस्त, आणि जुना रिसीव्हरही चालतो. पण संवाद एकतर्फी. सिग्नलच्या आड कुणी आलं तर टीव्ही लागतो, रिसीव्हर बंदच राहतो, आणि हबला पत्ताच नसतो. बंद कपाट असेल तर एमिटरची (इन्फ्रारेड सिग्नल सोडणारा छोटा दिवा) वायर आत नेऊन रिसीव्हरच्या सेन्सरवर चिकटवावी लागते.

नेटवर्कवर रिसीव्हर उत्तर देतो: आवाज किती, इनपुट कोणता. मात्र नेटवर्क स्टँडबायला (बंद असतानाही रिसीव्हर नेटवर्कला जोडलेला राहायला) थोडी वीज जाते, आणि हबला तुमचं मॉडेल ओळखता यायला हवं. हे आधी तपासाच.

रिसीव्हर जुना, समोर उघडा असेल तर इन्फ्रारेड पुरे. कपाटात असेल किंवा रिमोट आईबाबा वापरणार असतील, तर नेटवर्कच, शक्यतो लॅनच्या वायरने.