रेस प्रेडिक्टरवालं अॅप : चेप्टेगीचा टाइम टाकून बघितला

वर्षभराचे पैसे भरून एक रनिंग अॅप घेतलं, नाव नाही सांगत, त्यातल्या रेस प्रेडिक्टरसाठीच घेतलेलं. एका रेसचा टाइम टाकायचा, बाकीच्या अंतरांचे ते सांगतं. डिसेंबरात जळगावच्या मेहरूण तलावावर १० किमी ५२ मिनिटांत काढले, टाकले, तर मॅरेथॉन म्हणे ३:५९:१३. चार तासांच्या आत! घरी, ऑफिसात सगळ्यांना सांगून मोकळा झालो. मॅरेथॉनच्या दिवशी ३२ किमीला पाय जे बसले ते बसलेच, चालत-पळत ४:४८. भुसावळचा मित्र फिनिशला केळं घेऊन उभा, म्हणे "भो, ते १३ सेकंद कुठे सांडले?"

डोकं फिरलं, म्हणून अॅपचीच परीक्षा घेतली. युगांडाचा धावपटू जोशुआ चेप्टेगी, त्याचा २०२० चा ५००० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड १२:३५.३६ माझा म्हणून टाकला (अॅपने लगेच "नवा पर्सनल बेस्ट, अभिनंदन!" केलं, संशय शून्य). १०,००० चं उत्तर २६:१५. त्याने खरोखर त्याच वर्षी व्हॅलेन्सियात २६:११.०० काढलेत. चार सेकंदांचा फरक, मानलं बुवा. मग त्याच २६:११ वरून मॅरेथॉन विचारली तर २:००:२७. आणि पठ्ठ्या २०२३ ला पहिली मॅरेथॉन पळाला २:०८:५९.

आता इथिओपियाचा केनेनिसा बेकेले बघा, १०,००० त २६:१७.५३, म्हणजे चेप्टेगीपेक्षा जेमतेम साडेसहा सेकंद मागे. अॅप म्हणतं मॅरेथॉन २:००:५७, तो बर्लिनला २०१९ त २:०१:४१ पळाला, जवळपास बरोबरच. केनियाच्या एलिउड किपचोगेचे १०,००० दोघांपेक्षा हळू, २६:४९.०२, अॅप देतं २:०३:२२, तो २०२२ त २:०१:०९. म्हणजे ट्रॅकवर जो तिघांत मागे तोच रस्त्यावर पुढे, आणि हे अॅपला कुठून कळणार?

आपल्या बीडच्या अविनाश साबळेची हाफ मॅरेथॉन २०२० ची १:००:३०, त्यावरून ५००० चे १३:०९ येतात, त्याचा बेस्ट १३:१९.३०. ठीकच म्हणायचं, मूळचा स्टीपलचेसवाला (अडथळ्यांच्या शर्यतीचा) आहे तो.

आत नेमकं काय आहे म्हणून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर रीगलचा फॉर्म्युला करून पाहिला. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ त मांडलेला, दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ घात काढायचा आणि जुन्या टाइमला गुणायचं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की टाइम साधारण २.०८५ पट. सेकंदाला सेकंद जुळलं! म्हणजे पैसे भरले ते ह्या एका ओळीच्या गणिताचे. आठवड्याला किती किमी पळता, लाँग रन किती केले, रेसमध्ये काय खाणार, एक प्रश्न नाही. मी आठवड्याला ३५ किमीवाला, हे विचारलं असतं तर मीच गप्प बसलो असतो.

दिसायला छान आहे, ग्राफ मस्त, बॅटरी खात नाही. पण उत्तर सेकंदात देण्याऐवजी "३:५५ ते ४:४५" असं दिलं असतं तर पटलं असतं. मे महिन्यात तर कहरच, सकाळी सहालाच घामाच्या धारा, १० किमीला ५६ मिनिटं लागली तर मेसेज, "तुमचा फिटनेस घसरला आहे." अरे बाबा, जळगावचा मे आहे तो!

पाचपैकी अडीच स्टार. सबस्क्रिप्शन अजून सहा महिने बाकी आहे, तोवर ५ वरून १० किमी एवढंच विचारणार त्याला.