वेल्क्रोचा शर्ट, लॉकवाल्या लेस आणि बटणाची मान : सात महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी लेक शाळेतून आला तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन. उजव्या बुटाच्या इलॅस्टिक लेसचं, गाठीऐवजी लेस आवळून धरणारं लॉक उघडलं होतं आणि आतली स्प्रिंग मैदानात कुठेतरी उडाली होती. त्याला वाईट वाटलं ते स्प्रिंग हरवल्याचं, कारण ती 'जाम भारी' होती. मला वाईट वाटलं कारण लेस घेऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते आणि पाकिटावर 'आयुष्यभर टिकणाऱ्या' असं छापलेलं. कोणाच्या आयुष्यभर, ते छापलेलं नाही.

त्याच रागात हे लिहायला बसले आहे. पण लेसवर येण्याआधी शर्टाबद्दल बोलू दे, कारण पैसे खरे तिथे गेले.

मुलगा साडेसात वर्षांचा आहे. वाचन, गणित, उलट उत्तरं, सगळं वयाच्या पुढे. बोटांची बारीक कामं मात्र होत नाहीत. याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना असतो, म्हणजे मोठ्या वर्गात एखाददुसरं मूल सापडतंच. हे कळेपर्यंत आम्ही दोन वर्षं 'आळशी आहे', 'लाडावलाय' असं म्हणून घालवली. त्याबद्दल वेगळं कधीतरी.

तो बटण कसं लावतो हे एकदा मी खाली बसून, त्याच्या छातीच्या उंचीवरून पाहिलं. उजव्या हाताने बटण धरतो, पण चिमटीत नाही, अख्ख्या मुठीत. मूठ काजावर आली की काजच दिसेनासं होतं. मग अंदाजाने ढकलतो. बटणाची कड काजातून डोकावते. इथे खरं तर डाव्या हाताने ती कड पलीकडून ओढायची असते. पण त्याचा डावा हात नुसता लटकलेला, जणू पाहुणा आलाय. उजवी मूठ सुटते, बटण मागे. अशी सात बटणं. चौथ्यापर्यंत रडं, पाचव्याला मी, आणि बस खाली हॉर्न वाजवतेय.

तेव्हा वेल्क्रोचा शर्ट घेतला. समोर खोटी बटणं शिवलेली, आत वेल्क्रोचे चौकोन. तीन साध्या शर्टांच्या पैशात एक आला. पहिल्या दिवशी गडी एका मिनिटात तयार! मी चार मैत्रिणींना फोटो पाठवले. तेव्हा लिहायला बसले असते तर नुसती स्तुती लिहिली असती.

आता आवाजाबद्दल.

वेल्क्रो उघडताना चर्रर्र होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. घरात ते ऐकूही येत नाही. शाळेत पीटीसाठी कपडे बदलताना तीस मुलांच्या खोलीत ते काय होतं, याचा विचार विकणाऱ्याने केलेला नाही आणि घेताना मीही केला नव्हता. पाच चौकोन, पाच वेळा चर्रर्र. पहिल्या दिवशी कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी तोंडाने तोच आवाज काढला. आठवड्याभरात त्याचं ते नाव पडलं. तो मला काही बोलला नाही. मला कळलं ते असं की पीटीच्या दिवशी आतला बनियन घामाने ओलाचिंब आणि वर शर्ट तसाच. बदलतच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "आई, तो शर्ट ओरडतो."

मी मग या आवाजाच्या मागेच लागले. हळू सोलून काढला तर कमी होतो का? होतो, पण लांबतो. ओला असला तर? थोडा कमी. चौकोन अर्धे कापले, आवाजही अर्धा झाला आणि पकडही अर्धी. नवरा म्हणाला, अगं, शर्ट आहे, बंदूक नाही. त्याचं बरोबर असेल. पण ज्या मुलाला आधीच सगळ्यांच्या नंतर तयार होण्याची लाज वाटते, त्याच्या कपड्याने पाच वेळा दवंडी पिटायची, हे मला अजूनही पटत नाही. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून वेल्क्रो सुचलं. बोंडं निदान गप्प चिकटतात.

बाकीच्या तक्रारी त्यामानाने किरकोळ. धुताना वेल्क्रो बंद ठेवावं लागतं, नाहीतर आकड्यांची बाजू दिसेल त्या कपड्याचे धागे ओढते. माझा एक स्वेटर त्यात गेला. आकड्यांत दोरे-केस भरतात, ते जुन्या टूथब्रशने काढायचे. तिसऱ्या महिन्यापासून पोटाजवळचा चौकोन बसल्यावर आपोआप सुटायला लागला.

शर्ट परत करायचा विचार होता, पण मुदत संपली होती. म्हणून मी तो सासूबाईंसमोर टाकला, उसवून साधी बटणं लावता येतील का बघा म्हणून. त्यांनी आधी शाळेचा साधा शर्ट मागितला. चष्मा लावून बटणाखाली नख घालायचा प्रयत्न केला. नख जाईना. म्हणाल्या, "याला मानच नाही गं. पोराने धरायचं कुठे?"

हे वाक्य मला थेरपीच्या सगळ्या पैशांइतकं महाग वाटतं. तयार शर्टाचं बटण मशीनने कापडाला अगदी चपटं टाचलेलं असतं. बटण आणि कापड यात जागाच नाही, तर बोट मागे जाणार कसं? त्यांनी त्या साध्या शर्टाची सगळी बटणं कापून पुन्हा लावली. शिवताना बटणाच्या डोक्यावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवली आणि टाके तिच्यावरून घेतले. मग काडी काढून घेतली, बटण वर ओढलं आणि खालच्या सैल दोऱ्याभोवती दोरा चार-पाच वेढे गुंडाळून गाठ मारली. झाली मान. बटण आता कापडापासून तीनेक मिलिमीटर वर, देठावरच्या फुलासारखं डोलतं. काजांच्या आतले लोंबणारे धागे ब्लेडने साफ केले आणि प्रत्येक काज किंचित वाढवून कडेने पुन्हा टाके घातले. कफांची बटणं इलॅस्टिकच्या दोऱ्याने लावली. ती कायम लावलेलीच राहतात, हात तसाच आरपार जातो.

मी आधी मोठी बटणं लावायचा घाट घातला होता. शर्टाचं बटण १८ लाईनचं असतं (४० लाईन म्हणजे १ इंच, म्हणजे हे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास), मी २४ लाईनची आणली. ती काजातून जाईनात. म्हणजे सगळी काजं नव्याने करा. ती पुडी अजून खणात आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

मान लावल्यावर दुसऱ्या दिवशीच जमलं असं मुळीच नाही. सहा आठवडे लागले. थेरपिस्टने सांगितलेली रीत वापरली : सगळं आपण करायचं आणि शेवटचा एवढासा भाग मुलाला द्यायचा. मी बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवायचे, तो फक्त ओढायचा. ते पक्कं झालं की मी फक्त कड आत घालायचे. मग तेही बंद. सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून, कारण तिथे डोळ्यांना दिसतं. आणि उभं राहून नाही, पाय जमिनीला टेकतील अशा बुटक्या स्टुलावर बसून. तोल सांभाळण्यात अंगाची ताकद गेली की बोटांना काही उरत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर किती सकाळी वाचल्या असत्या.

सरावासाठी ती बटणांचं कापड ताणून बसवलेली लाकडी चौकट मिळते, ती घेऊ नका. मारिया माँटेसोरींच्या काळापासून चालत आलेली वस्तू आहे, चांगलीच आहे, आणि माझ्या मुलाला तिच्यावर दोन आठवड्यांत सगळी बटणं यायला लागली. स्वतःच्या छातीवर एकही नाही. चौकटीवर बटणं समोर, टेबलावर, बघत बघत लावायची. अंगावर तीच बाजू उलटी होते आणि वरची दोन बटणं दिसतच नाहीत. आम्ही नवऱ्याचा जुना शर्ट त्याच्या कपड्यांवरून घालून सराव केला. फुकट.

पँटच्या बाबतीत मात्र मी काही शिकवायच्या भानगडीत पडले नाही. शाळेच्या पँटला तो चपटा धातूचा हूक असतो ना, पोट आत घ्या, दोन्ही टोकं एकमेकांवर चढवा, आडवं सरकवा. सकाळी घरी मी असते. पण मधल्या सुट्टीत, घाई लागलेली असताना, एकट्याने, बंद दारामागे? दोनदा अपघात झाल्यावर कळलं की खरी परीक्षा तिथे आहे, सकाळी नाही. कंबर इलॅस्टिकची करून घेतली, पुढची चेन नुसती दिसण्यापुरती, बेल्टचे लूप तसेच. बाहेरून ओळखू येत नाही. सात महिन्यांत घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय, आणि त्यावर लिहायला तीन ओळीही लागत नाहीत. टायही गाठ बांधलेला, इलॅस्टिकवाला. मोज्यांची टाच पायाच्या वर यायची, म्हणून टाच नसलेले सरळ नळीसारखे घेतले. जॅकेटची चेन खाली अडकवणं अजून येत नाही, तर खालचा वीतभर भाग कायम लावलेला ठेवतो आणि जॅकेट डोक्यावरून घालतो.

इथपर्यंत लिहून आठवडाभर हे तसंच पडलं होतं, म्हणून वेल्क्रोबद्दल थोडं मागे घेते. काल त्याने पीटीच्या दिवसासाठी स्वतःहून मानेचा शर्ट मागितला, पण नाटकाच्या तालमीला वेल्क्रोचा घेऊन गेला, कारण तिथे मध्ये मध्ये झटपट कपडे बदलायचे असतात आणि 'तिथे सगळेच ओरडतात'. तेव्हा शर्ट वाया गेला असं आता म्हणत नाही. महाग मात्र आहेच.

आता लेस. कल्पना उत्तम : इलॅस्टिकची लेस ओवायची, वर लॉक बसवायचं, बूट बांधायचा-सोडायचा प्रश्नच नाही. काळी असल्यामुळे शाळेचा 'लेसचेच बूट' हा नियमही मोडत नाही. जीभ आत दुमडते, तेवढी बाजूने दोन टाके घालून पक्की करा आणि टाचेला बोट अडकवायला नाडीचा फास शिवा. लॉक तुटल्यावर कंपनीला फोन केला. पहिली बाई म्हणाली, पावती पाठवा. दुसरा म्हणाला, लॉकचा फोटो पाठवा. तिसऱ्याने विचारलं, मूल लॉकशी खेळत होतं का? मी म्हटलं, सात वर्षांचं मूल आहे आणि लॉकला स्प्रिंग आहे, तुम्हाला काय वाटतं? त्यावर 'अयोग्य वापर' असा शेरा पडला. मग मी लांबलचक मेल लिहिला, त्यात 'आयुष्यभर' हा शब्द सहा वेळा आला.

दरम्यान बूट तर घालायलाच हवा होता. मी लेसची दोन टोकं जिभेखाली घेऊन साधी घट्ट गाठ मारली, जादा तुकडा कापला, टोकं मेणबत्तीवर जरा वितळवली. बूट आधीपेक्षा नीट बसला. डाव्याचं चांगलं असलेलं लॉकही काढून टाकलं. म्हणजे लॉकची गरज कधीच नव्हती, इलॅस्टिकची होती, आणि इलॅस्टिक आमच्या शिवणाच्या डब्यात पडलेलं होतं.

आज कंपनीचं पाकीट आलं. आत एकच लॉक, पोपटी रंगाचं, आणि पाच तारे देण्याची विनंती. लेकाने लॉक उघडून स्प्रिंग काढून घेतली आहे. दोन तारे देते, त्यातला एक स्प्रिंगचा.