दोन पावसाळ्यांनंतर ऑल व्हील ड्राइव्ह: खडखड नेमकी कुठून येत होती

माझ्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देणाऱ्या गाडीतल्या खडखडीचं मूळ सापडलं. सायलेन्सरच्या वर, गाडीच्या पोटाला बोल्टनं आवळलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, हीट शिल्ड. तो एका कोपऱ्यातून सुटला होता. बोल्ट जागेवरच होता, पण पत्र्याचं भोक खाऊन मोठं झालं आणि पत्रा बोल्टच्या डोक्याखालून निसटला. दुरुस्तीला १०० रुपयेसुद्धा लागले नाहीत. याच आवाजासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरनं मला अख्खा प्रोपेलर शाफ्ट (पुढची ओढ मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) बदलायचं, ४०,००० रुपयांच्या पुढचं एस्टिमेट दिलं होतं. मायलेज, स्क्रीन, सनरूफ यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे मी फक्त या आवाजाबद्दल आणि चार चाकांच्या ओढीबद्दल लिहितो.

मराठवाड्यात ऑल व्हील ड्राइव्ह कशाला, असं मला घेताना बऱ्याच जणांनी विचारलं. ज्याचा आखाडा, म्हणजे शेतावरचा गोठा-घर, डांबरी रस्त्यापासून आत आहे, तो असं विचारणार नाही. आमचा पाणंद रस्ता केज तालुक्यातल्या काळ्या रानातून जातो. जुलैत दोन चांगले पाऊस झाले की ही माती टायरला थरावर थर चिकटते, खाचा बुजतात आणि पुढच्या दोन चाकांवर ओढणारी गाडी जागीच फिरत बसते. ही गाडी तिथून निघते. पुढचं चाक घसरायला लागलं की मागच्या डिफरन्शियलजवळचा (मागच्या दोन चाकांत ओढ वाटणारी पेटी) क्लच आपोआप जुळतो आणि मागची चाकं ढकलायला लागतात. पूर्वी ट्रॅक्टर बोलवावा लागायचा, या दोन पावसाळ्यांत एकदाही लागला नाही. त्या कामात गाडीला पूर्ण गुण.

आवाज सुरू झाला तो सोयाबीन काढणीच्या सुमारास. आधी सकाळी गाडी चालू केल्यावर बारीक झणझण, ती गरम झाल्यावर बंद व्हायची. मग वाढत वाढत अशी झाली की रिकाम्या डब्यात खडे घालून हलवावा तसा आवाज सीटखालून यायचा. मांजरसुंब्याचा घाट चढताना तर शेजारी बसलेल्याशी बोलणं अवघड.

सर्व्हिस सेंटरमध्ये ॲडव्हायझरनं एक चक्कर मारली आणि परत आल्याआल्या सांगितलं, "सर, फोर व्हीलच्या गाडीत असा आवाज शाफ्टचाच असतो. सेंटर बेअरिंग गेलंय. बेअरिंग सुटं मिळत नाही, असेंब्लीच येते." सेंटर बेअरिंग म्हणजे शाफ्टला मध्ये धरून ठेवणारा आधार. मी म्हणालो, गाडी रॅम्पवर घेऊन दाखवा. तर आधी तपासणीचे पैसे लावले, नंतर खालून टॉर्च मारून "शाफ्टच" हेच पुन्हा. बेअरिंगचा रबर फाटलाय का, शाफ्ट हातानं वरखाली हलतोय का, क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, खेळ (ढिलेपणा) आहे का, यातलं काहीही दाखवलं नाही. "ऑटो मोडवर ठेवा, मग शाफ्ट फिरणार नाही, आवाज कमी होईल," असंही सांगितलं. ऑटो मोड म्हणजे मागच्या चाकांना ओढ लागेल तेव्हाच द्यायची. पण तेव्हा शाफ्ट फिरत नाही, हे तर चूकच आहे. क्लच मागे डिफरन्शियलपाशी असलेल्या माझ्यासारख्या गाडीत शाफ्ट कुठल्याही मोडवर फिरतच असतो. क्लच सुटला की फक्त मागच्या चाकांना जाणारी ओढ थांबते.

आवाज कशाशी बांधलेला आहे, एवढंच आधी ठरवायचं असतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे घेतं आणि शाफ्ट त्याच्या मागच्या डिफरन्शियलच्या गुणोत्तराइतक्या पट. म्हणजे दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये असला, तर गिअर कुठलाही असो, ठराविक वेगाला तोच आवाज यायला हवा. माझ्या गाडीत दुसरा गिअर असो की चौथा, आवाज इंजिनाच्या २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपासच उठायचा, वेग काहीही असो. आणि गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून रेस दिली तरी २००० ला तीच खडखड. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा शाफ्ट फिरतच नाही! मग तो दोषी कसा ठरला?

आमच्या गावातल्या गॅरेजवाल्या चाचांना एवढं सांगितलं, तर ते हसले. "साहेब, गाडी उभी राहून बोंबलायलीय म्हणल्यावर शाफ्टचा काय संबंध? सायलेन्सर थंड होऊ द्या, मग बघू." थंड झाल्यावर त्यांनी रबरी हातोडीनं पुढून मागे ठोकत नेलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणारा डबा) ठोकल्यावर आतून काही खुळखुळलं नाही. तो आतून फुटला असता तर खर्च खरंच मोठा होता. पुढे शिल्डवर टकटक केली आणि तोच आवाज हातात आला.

खरं कारण पत्रा खोलल्यावर दिसलं. शिल्ड आणि फ्लोअर यांच्या फटीत काळी माती ठासून बसली होती. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. वावरात उन्हाळ्यात हेच तर बघतो आपण. फटीत ती पावसाळाभर फुगून पत्र्याला ढकलत राहिली आणि ओल धरून राहिली. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये ओली माती, असं एकत्र आलं की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात कंपनीनं बोल्टखाली दिलेला वायसर अगदी अरुंद. भोक थोडं मोठं झालं की पत्रा मोकळा. लाखो रुपयांच्या, चिखलासाठी म्हणून विकलेल्या गाडीत हा वायसर दुप्पट रुंद द्यायला काय खर्च आला असता? मला या गाडीत याच एका गोष्टीचा सर्वांत जास्त राग आहे.

माती खरवडून काढली, पाण्यानं धुतली, जस्ताचा थर असलेले रुंद वायसर घातले. स्टेनलेस घेऊ नका, ॲल्युमिनियमला ते आणखी खातं. आणि "पत्रा काढूनच टाका" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सायलेन्सरची धग फ्लोअरला, वायरिंगला आणि इंधनाच्या नळीला लागू नये म्हणून तो असतो.

इथवरचं लिहून ठेवलं होतं. त्यानंतरची भर: मोठा आवाज गेल्यावर खाली दडलेला दुसरा ऐकू यायला लागला. हळू वेगात, खड्ड्यात एकाच बाजूचं चाक गेलं की पुढून टक-टक. हा रेसवर येत नव्हता, वळताना वाढत नव्हता, म्हणजे ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाकाला ओढ देणारा, वळणारा सांधा) नाही. पुढचा लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी दांडी) निघाला, त्याच्या बॉलजॉइंटमध्ये खेळ होता. दोन्ही बाजूचे बदलले. ऊस वाहतुकीनं फुटलेल्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत हा भाग झिजणारच, त्याची तक्रार नाही. पण शाफ्ट बदलून घेतला असता तर ४०,००० घालून हे दोन्ही आवाज तसेच राहिले असते.

मधल्या काळात माझं मत असं झालं होतं की ही प्रणाली म्हणजे खर्चाचं घर. ते आता बदललंय. शाफ्ट, क्रॉस, सेंटर बेअरिंग, मागचं डिफरन्शियल सगळं चाचांनी हातानं हलवून दाखवलं, सगळं टणक आहे. मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, चारही टायर सारख्या मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोनच नवे घातले तर पुढच्या-मागच्या फेऱ्यांत फरक पडून क्लच विनाकारण घासतो. दुसरं जिवाशी खेळणारं आहे: आवाज ऐकण्यासाठी दोनच चाकं जॅकवर उचलून गिअर टाकू देऊ नका. क्लच जुळला की जमिनीवरची चाकं ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून सुटते. चारही चाकं अधांतरी असतील अशी लिफ्ट असेल तरच.

गाडी विकणार नाही. परवा बीड, गेवराई करत संभाजीनगरला जाऊन आलो, घाटातही आत शांतता होती. शिल्डच्या उरलेल्या बोल्टांखालीही मृगाच्या आधी रुंद वायसर घालून घेणार आहे आणि पावसाळाभर गाडी धुताना पाइप पोटाखाली घालून ती फट साफ करायची आहे. तपासणीचे पैसे परत मिळावेत म्हणून सेंटरला लेखी दिलंय, सोबत न्यूट्रलमधल्या आवाजाचा व्हिडिओ जोडलाय. उत्तर अजून आलेलं नाही, आलं की इथेच लिहीन.