अन्नसुरक्षेचा पत्त्यांचा खेळ : जूनपासून वर्गात वापरतेय, त्याबद्दल

"मॅडम, पोरांना तिर्रट शिकवायलाव का?" पत्ते वर्गात आले त्या आठवड्यात एका पालकांनी विचारलंच. त्यांना शेजारी बसवून एक डाव खेळायला लावला, विषय मिटला.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला आहे. खेळ सोपा आहे. पदार्थ, जंतू आणि उपाय अशी तीन तऱ्हेची पानं. एकाने पदार्थ टाकला की दुसऱ्याने त्यावर जंतूचं पान टाकायचं, मग पहिल्याने उपायाचं पान टाकून पदार्थ वाचवायचा. झब्बू खेळणाऱ्या पोरांना नियम फार समजवावे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची पाच सूत्रं (स्वच्छता, कच्चं-शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, योग्य तापमान, सुरक्षित पाणी आणि कच्चा माल) फळ्यावरून उतरवून घेतली की वहीतच राहतात. इथं त्यावरून भांडणं होतात, म्हणून ती डोक्यात बसतात.

आता तक्रार. निम्म्या पदार्थांना उपाय एकच, 'फ्रीजमध्ये ठेवा'. "आमच्यात फ्रीज न्हाई, मग मी हारले का?" या प्रश्नाला खेळाकडे उत्तर नाही. शिवाय फ्रीजने जंतू मरतात असं पान सांगतं. मरत नाहीत, वाढ मंदावते, एवढंच. त्याहून वाईट म्हणजे 'पुन्हा गरम करा' हे पान, हुकमाच्या एक्क्यासारखं बाकी सगळ्यावर चालतं. भातावर ते चालायला नको. बॅसिलस सिरीयस या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी टिकतात. तो भात तासन् तास कोमट पडून राहिला की जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही उकळा, जात नाही. आम्ही नियमच बदलला : शिजवलेला भात 2 तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला असेल तर गरम करण्याचं पान बाद. हा बदल छापणाऱ्यांनीच करायला हवा होता.

संचातली सर्वांत कामाची पानं म्हणजे कोरी पानं. त्यांवर पोरांनी टँकरचं पाणी, जत्रेतला बर्फाचा गोळा, लग्नातलं उरलेलं वरण लिहिलं. भगरीचं पान तर हवंच होतं. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की आपल्याकडं भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतातच. भगरीला ओल लागली की बुरशी धरते. त्यामुळे त्या पानाचे उपाय ठरले : सुटी, जुनी भगर नको, तारीख बघून पाकीटबंद घ्यायची, पीठ दळून साठवायचं नाही.

पाकिटावरचा 14 अंकी परवाना क्रमांक शोधायचं पान मात्र मूळ संचातलंच, आणि झकास. दुकानातली रिकामी पाकिटं दप्तरातून येऊ लागली. काहींवर क्रमांक नाही, तारीखही नाही. आमच्या खिचडीवाल्या मावशी सुरुवातीला वैतागल्या, "ही पोरं माझी परीक्षा घ्यायलीत." पण पिण्याच्या पाण्याला ओगराळं मागणारी पहिली त्याच.

छपाई चांगली, कागद पातळ. हळदीचे हात लागून कोपरे पावसाळ्यातच गेले, मी लॅमिनेशन करून घेतलं. त्यानंतर पत्ते पिसता येत नाहीत, नुसते कालवावे लागतात. एका संचात सहाच मुलं खेळू शकतात, चाळीसच्या वर्गाला तो पुरत नाही. एक संच घेऊन बाकीचे जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर मुलांकडून करून घ्या, पैसे वाचतील. तिसरीच्या खालच्यांना देऊ नका, त्यांना जंतूंची चित्रं आवडतात आणि ती पानं परत मिळत नाहीत.